घुमट पांढरा होईपर्यंत

परवाच्या रविवारी पहिल्यांदा सगळं एकत्र जमून आलं, आमच्या पिझ्झाच्या भट्टीतून धूर असा आलाच नाही, म्हणजे सुरुवातीची पाच-सात मिनिटं सोडली तर, आणि जाळ लावल्यापासून एक तास चाळीस मिनिटांनी घुमट आतून पांढरा झाला, म्हणजे काजळी जळून भट्टी पुरेशी तापली. मी घड्याळ लावून बसले होते. इतका आनंद झाला की नवऱ्याला हाक मारून बोलावलं, ये बघायला लवकर. या एका संध्याकाळीसाठी आम्हाला जवळजवळ वर्ष लागलंय. मध्ये ओळखीतल्या तीन-चार जणांनी विचारलं होतं की लाकडाच्या भट्टीत जाळ लावायचा म्हणजे नक्की काय करायचं, तेव्हा मला नीट सांगता आलं नव्हतं कारण मलाच कळलेलं नव्हतं. आता कळलंय असं वाटतं म्हणून सगळं लिहून काढतेय.

आम्ही राहतो धायरीत, पण भट्टी आहे डोणज्याला, सिंहगडाच्या पायथ्याशी सासऱ्यांनी फार पूर्वी घेतलेल्या छोट्या प्लॉटवर. दीर आणि नवरा दोघांनी मिळून मिस्त्रीकडून मागच्या डिसेंबरात बांधून घेतली. आतून तीन फूट व्यास, तळ आणि घुमट फायर ब्रिकचा, म्हणजे धग सोसणाऱ्या विटांचा, वरून उष्णता आत धरून ठेवणाऱ्या सिरॅमिक ब्लँकेटचे दोन थर, त्यावर जाळी आणि प्लास्टर. घुमट आतून १८ इंच उंच आणि तोंड सव्वाअकरा इंच उंच. हे माप दिराने हट्टाने धरून ठेवलं होतं. घुमटाच्या उंचीच्या साधारण ६३ टक्के तोंड असलं की हवा खालून आत येते, धूर वरून बाहेर जातो आणि उष्णता मात्र घुमटातच फिरत राहते. तोंड जास्त उंच झालं तर धग बाहेर सांडते, जास्त बुटकं झालं तर जाळ गुदमरतो. चिमणी घुमटाच्या डोक्यावर नाही तर पुढे, तोंडाच्या बाहेर. मला आधी हे उलटं वाटायचं, की चिमणी वर नको का, पण वर असती तर सगळी धग सरळ आकाशात गेली असती.

आता पहिली चूक. नवी भट्टी आतून ओली असते. प्लास्टर, फायर क्ले, विटांमधले सांधे, सगळ्यात पाणी असतं आणि वरून हात लावला तर कोरडं लागतं म्हणून कळत नाही. आम्ही बांधून झाल्यावर पंधरा दिवस थांबलो होतो, वाटलं झालं की. त्यानंतर सात दिवस रोज छोटा जाळ करायचा, पहिल्या दिवशी १०० अंश सेल्सिअसच्या आसपास, मग रोज थोडं थोडं वर चढवत ३०० पर्यंत जायचं असं ठरलं होतं. दोन दिवस केलं पण तसं. तिसऱ्या दिवशी घरी पाहुणे आले, सगळे म्हणाले चला भट्टी बघायला आणि तिथे गेल्यावर पोरांनी पिझ्झाच धरून ठेवला, मग लाकडं टाकत गेलो टाकत गेलो आणि तासाभराने आतून टक् असा आवाज आला. सुपारी फोडल्यासारखा. कमानीपासून वर हातभर लांब चीर. पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे-सतराशे पट जागा मागते, तिला बाहेर पडायला सवड मिळाली नाही तर ती स्वतःच वाट करते. मला त्या दिवशी खरंच रडू आलं, कारण थांबूया असं माझ्या मनात आलं होतं आणि मी बोलले नव्हते.

मिस्त्री म्हणाले घाबरू नका, केसाएवढ्या चिरा सगळ्याच भट्ट्यांना पडतात, तापल्यावर उघडतात आणि गार झाल्यावर मिटतात. पण ही केसाएवढी नव्हती, नखाएवढी होती. ती त्यांनी फायर क्लेने भरून दिली आणि मग आम्ही पुन्हा पहिल्यापासून सात दिवस, रोज चार-पाच तास, निव्वळ काटक्यांचा जाळ केला. मी ऑफिसचा लॅपटॉप घेऊन तिथेच बसायचे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाहेरच्या प्लास्टरवर ओलसर डाग उमटले आणि हात लावला तर गरम दमट लागायचं, म्हणजे पाणी खरंच निघत होतं. पाचव्या दिवसापासून डाग गेले. चीर आजही दिसते पण वाढलेली नाही.

यानंतर फेब्रुवारी-मार्चमध्ये खरा जाळ करायला लागलो आणि नुसता धूर. डोळे चुरचुरतायत, पिझ्झाला करपट कडवट वास आणि घुमट कायम काळाच. आम्हाला वाटलं चिमणी छोटी झाली. तिची उंची दोन फुटांनी वाढवून घेतली, थोडा फरक पडला पण फार नाही.

मग मावशी आल्या. आमच्या प्लॉटपासून पुढे त्यांचं शनिवार-रविवारचं छोटं हॉटेल आहे, गडावर जाणाऱ्या-येणाऱ्यांसाठी पिठलं-भाकरी, कांदाभजी, मडक्यातलं दही, सगळं चुलीवर. धूर बघूनच त्या आल्या होत्या, कोणाचं काय पेटलंय म्हणून. आल्या, भट्टीत न बघता आधी बाजूला रचलेल्या लाकडांकडे गेल्या. दोन तुकडे उचलले आणि एकमेकांवर आपटले. धप्प. पुन्हा दुसरे दोन उचलले, पुन्हा धप्प. मग म्हणाल्या, "ताई, ह्ये अजून जितं लाकूड हाय. पाणी जाळताय तुम्ही."

त्यांनी आत जळत असलेल्या एका ओंडक्याचं टोक दाखवलं. तिथून पांढरा फेस येत होता आणि बारीक सूं सूं आवाज. तो आवाज मी दोन महिने ऐकत होते आणि मला वाटत होतं लाकूड छान पेटतंय म्हणून तो येतो. ते पाणी उकळत होतं. लाकडातलं पाणी उडून गेल्याशिवाय लाकूड तापत नाही आणि पुरेसं तापल्याशिवाय नीट जळत नाही, म्हणजे आम्ही टाकलेल्या प्रत्येक ओंडक्यातली बरीचशी धग त्याचं स्वतःचं पाणी आटवण्यातच संपत होती. विटांपर्यंत पोचणार काय?

लाकूड आम्ही वखारीतून आणलं होतं, किलोवर, बाभूळ. बाभूळ चांगलंच, जड असतं, इंगळ म्हणजे जळता निखारा खूप वेळ टिकतो, पण ते नुकतंच तोडलेलं होतं. किलोवर विकत घेताना पाण्याचेही पैसे देतोय हे डोक्यात आलं नव्हतं. मग सगळं लाकूड फोडून घेतलं, मनगटाएवढं जाड आणि फूट-सव्वाफूट लांब, आणि पत्र्याच्या शेडखाली, जमिनीपासून वीतभर वर, दोन बांबूंवर रचलं, बाजू उघड्या ठेवून म्हणजे वारा आरपार जाईल. साल वरच्या बाजूला. पुण्याचा उन्हाळा यासाठी फार उत्तम आहे, मार्च ते मे हवा इतकी कोरडी असते की लाकूड डोळ्यांदेखत तडकतं. एका ओंडक्यावर खडूने खूण करून मी तो किचनच्या काट्यावर तोलत राहिले. मार्चमध्ये २ किलो १०० ग्रॅम होता आणि मे संपताना १ किलो ५५०. साडेपाचशे ग्रॅम पाणी एका ओंडक्यातून. टोकाला चक्राच्या आऱ्यांसारख्या चिरा पडल्या आणि आपटला तर टण्ण वाजायला लागला, लाकडी बॅट आपटल्यासारखा. नवऱ्याने ओलावा मोजायचं मीटर पण आणलं, त्याच्या दोन टाचण्या लाकडात खुपसायच्या, २० टक्क्यांच्या खाली पाहिजे. पण ते बाहेरून लावलं तर खोटं दाखवतं, ओंडका मधून फोडून आतल्या ताज्या बाजूला लावायचं. आमचे १४-१५ आले. खरं सांगायचं तर आता मी मीटर काढतच नाही, आपटून बघते.

लाकडाच्या जातीबद्दल लोक फार विचारतात म्हणून जे वापरलं तेवढं सांगते. बाभूळ टिकायला. सुबाभूळ लवकर पेटतं आणि फोडायला सोपं, सुरुवातीला तेच. आंबा मधला, जाळ छान स्वच्छ. चिंच धग भरपूर देते पण फोडताना माणूस दमतो. निलगिरी भसकन पेटते आणि तशीच संपते. सुरुवातीच्या ढलप्यांबरोबर मी नारळाच्या करवंट्या टाकते, त्यांचा जाळ फार जोरकस असतो आणि त्या घरात आयत्या साठतात. गोवऱ्या पिझ्झाच्या भट्टीत नको, धुमसतात. प्लायवूड, रंगवलेल्या जुन्या चौकटी, पॅकिंगच्या पेट्या अजिबात नाही, त्यातला गोंद आणि रंग जळून अन्नावर येतो. आणि कण्हेर कधीच नाही, फांदीसुद्धा नाही, तिचा धूरही विषारी असतो. कुंपणाला कण्हेर असते आणि छाटणी झाली की वाळलेल्या फांद्या सरपणात मिसळतात, त्यामुळे हे खरंच बघून घ्या. रॉकेल-पेट्रोलचं तर नावही काढू नका.

आता जाळ लावणं. इथे माझं आणि मावशींचं एकमत व्हायला वेळ लागला. चुलीत आपण खाली काटक्या-कागद ठेवून वर लाकूड घालतो आणि फुंकणीने फुंकतो, ते तिथे बरोबरच आहे कारण चुलीत हवा खालून, समोरून मिळते आणि धूर मागून वैलाकडे, म्हणजे चुलीच्या बाजूच्या छोट्या तोंडाकडे जातो. भट्टीत मात्र एकच तोंड. त्याच तोंडातून खालून हवा आत येणार आणि त्याच तोंडातून वरून धूर बाहेर पडणार. तळाला जाळ लावून वर मोठी लाकडं ठेवली की ती तापून धूर सोडतात आणि त्या धुराला जाळायला वर ज्योतच नसते, म्हणून तो तसाच बाहेर येतो. आम्ही उलटं करून बघितलं. खाली दोन जाड ओंडके समांतर, त्यावर आडवे तीन मध्यम, त्यावर पुन्हा आडवे बारीक आणि सगळ्यात वर ढलप्या, करवंट्या, थोडा कागद. पेटवायचं वरून. मावशी म्हणाल्या, "वरनं पेटवल्यावर जाळ खाली कसा यील?" मीही साशंकच होते. पण जाळ हळूहळू खाली उतरतो आणि खालचं लाकूड जो काही धूर सोडतं तो वरच्या ज्योतीतून जाताना जळून जातो. पंधरा मिनिटं कोणी हातसुद्धा लावला नाही, फुंकलं नाही, आणि चिमणीतून फक्त थरथरणारी गरम हवा. मावशी उठून चिमणीकडे बघत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "ह्ये बरं हाय की." पुढच्या आठवड्यात त्यांनी पाणी तापवायच्या बंबात तसंच करून बघितलं म्हणे.

ही रचना पहिल्यांदा मध्यभागी नाही, तोंडाच्या थोडी आत, पुढच्या बाजूला करायची. कारण चिमणी गार असते आणि गार चिमणीतली हवा जड असते, ती धूर ओढत नाही. त्याआधी मी रद्दीचा एक कागद पेटवून चिमणीच्या खालीच धरते, अर्धं मिनिट. चिमणीने एकदा हुं केलं की ती ओढायला लागते, खरंच असा आवाज येतो. पंधरा-वीस मिनिटांनी जाळ अंगात आला की लोखंडी आकड्याने तो हळूहळू मध्यभागी सारायचा आणि मग तिथे एका वेळी दोन-तीन लाकडं घालत राहायचं.

मग घुमट काळा होतो. पूर्ण काळा, डांबरासारखा. पहिल्या वेळी हे बघून नवऱ्याला वाटलं काहीतरी बिघडलं. ती काजळी आहे, विटा अजून गार असल्यामुळे धुरातले कोळशाचे बारीक कण त्यांवर बसतात. विटा तापत तापत साडेतीनशेच्या पुढे गेल्या की तीच काजळी जळून जायला लागते. आणि हे बघण्यासारखं असतं. जाळाच्या बरोबर वर, घुमटाच्या माथ्याला, आधी रुपयाएवढा फिकट ठिपका दिसतो. तुम्ही म्हणाल भास झाला. पाच मिनिटांनी तो भाकरीएवढा झालेला असतो, कडा अस्पष्ट, त्यातून विटांचे सांधे दिसायला लागतात. मग तो सगळीकडून खाली उतरतो, काळ्याची किनार मागे सरकत जाते, एकेक वीट स्वच्छ होते, जणू कोणी आतून पुसत चाललंय, आणि सगळ्यात शेवटी तोंडाजवळच्या दोन ओळी राहतात. त्या कधी कधी होतच नाहीत, चालतं. हे बघताना मी बाकी काही करत नाही.

आधी आमचा घुमट कधीच पांढरा होत नव्हता आणि तरी आम्ही पिझ्झा टाकत होतो. वरून करपलेला आणि खालून कच्चा, पांढराफट्ट. प्रत्येक वेळी. आम्ही कणकेला दोष दिला, मैदा बदलला, पाणी कमी केलं. खरं कारण असं की ज्योत दिसली की वरची धग लगेच मिळते, ज्योत आणि घुमट वरून सरळ पिझ्झावर धग फेकतात, पण खालून पिझ्झा भाजते ती तळाची वीट, आणि तीन इंच जाड वीट अर्ध्या तासात तापत नाही हो, कितीही भडका केला तरी. मोठा भडका केला तर उलट वरचं अजून पटकन करपतं. जाळ पिझ्झासाठी लावायचाच नाही, जाळ विटांसाठी लावायचा, पिझ्झा काय तो विटा भाजतात. हे वाक्य मी लेकीला इतक्या वेळा ऐकवलंय की ती आता माझ्याआधी म्हणते. दिराने लांबून तापमान मोजणारी टेम्परेचर गन आणल्यावर कळलं की ज्या दिवशी आम्ही चाळीस मिनिटांत पिझ्झा टाकला होता तेव्हा तळ २४० होता आणि घुमट त्याहून कितीतरी गरम. इटलीतल्या नेपल्सच्या पिझ्झावाल्यांची जी संस्था आहे, १९८४ मध्ये स्थापन झालेली, तिच्या नियमात तळ ३८० ते ४३० आणि घुमट ४८५ च्या आसपास, आणि पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत बाहेर. त्यांची ही कला २०१७ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. ते आकडे वाचल्यावर मला पहिल्यांदा कळलं की ते दीड मिनिटात पिझ्झा का काढू शकतात. त्याआधी कितीतरी वेळ त्यांनी विटांना दिलेला असतो.

घुमट पांढरा झाल्यावरही लगेच नाही. जाळ आणि इंगळ सगळे आकड्याने डाव्या भिंतीला सारायचे, जाळाची जागा झाडून घ्यायची, पितळी ब्रशने, आणि मग दहा-पंधरा मिनिटं थांबायचं कारण जिथे जाळ होता ती जागा ५०० च्या वर असते आणि कडेची जागा साडेतीनशे. ती उष्णता पसरू द्यायची. ओल्या फडक्याने पुसायचं तर घट्ट पिळून, पाणी टपकता कामा नये, तापलेल्या विटेवर पाणी पडलं तर ती तडकते. गन नसेल तर चिमूटभर पीठ टाकून बघायचं, दोन सेकंदांत काळं पडलं तर फार तापलंय, हळूहळू तांबूस होत गेलं तर टाका पिझ्झा. मावशी मात्र भट्टीच्या तोंडाशी हात धरून मनात काहीतरी मोजतात. त्या "आता टाका" म्हणतात तेव्हा मी गन लावते. आतापर्यंत तळ ४०० च्या आसपासच निघालाय, चार वेळा बघितलं.

जाळ टिकवणं हे लावण्यापेक्षा कठीण आहे आणि त्याबद्दल मला आधी कोणीच काही सांगितलं नव्हतं. पिझ्झे सुरू झाले की सगळे कणीक, चीज, टॉपिंग यात गुंततात आणि जाळाकडे कोणाचं लक्ष नसतं. मग कोणीतरी ओरडतं जाळ विझला आणि घाईघाईने मोठा ओंडका टाकला जातो. तो ओंडका तीन-चार मिनिटं नुसता धुरतो, मग एकदम भडकतो, तोवर तळ गार झालेला. आता आमच्याकडे नियम असा की एक माणूस फक्त जाळ बघणार, बहुतेक मीच. बारीक लाकूड, दोन बोटं ते मनगट एवढंच, आणि ज्योत अर्ध्यावर आली की तेव्हाच टाकायचं, विझायची वाट बघायची नाही. साधारण दोन पिझ्झ्यांमागे एक लाकूड. ज्योत भिंतीवरून चढून घुमटाला लागून मध्यापर्यंत वळली पाहिजे, गाईच्या जिभेसारखी, तेवढी असली की पिझ्झाची समोरची कड पण नीट भाजते. मध्यापर्यंत येत नाही म्हणजे लाकूड टाका, तोंडातून बाहेर यायला लागली म्हणजे जास्त झालं, जरा थांबा. पुढचं लाकूड मी तोंडाच्या बाहेरच्या कट्ट्यावर ठेवते, म्हणजे ते गरम होऊन बसतं आणि टाकल्या टाकल्या पेटतं. पिझ्झा आत असताना फुंकायचं नाही, सगळी राख त्यावर. मावशींनी त्यांची जुनी लोखंडी फुंकणी मला देऊन टाकलीय, ती मी दोन पिझ्झ्यांच्या मधे, इंगळाच्या बुडाशी नेम धरून वापरते, लांब आणि हळू श्वास. सहा-सात पिझ्झे झाले की तळ थकतो, गन लावली की ३२० वगैरे. मग इंगळ पुन्हा सगळ्या तळावर पसरायचे, दोन लाकडं घालायची आणि सात-आठ मिनिटं कोणी काही मागायचं नाही. पाहुण्यांना आधीच सांगून ठेवते.

वाऱ्याचं राहिलंच. भट्टीचं तोंड आम्ही पश्चिमेला केलं, सूर्यास्त दिसावा म्हणून, आणि एप्रिल-मेमध्ये पुण्यात संध्याकाळी वारा नेमका पश्चिमेकडून सुटतो. तो थेट तोंडात शिरायचा आणि धूर आमच्याच अंगावर. आता बाजूला पत्र्याचा आडोसा केलाय आणि वारा जास्त असला तर लोखंडी झाकण तोंडासमोर तिरकं उभं करते, अर्धं झाकेल एवढंच. पुन्हा बांधायची वेळ आली तर तोंड पूर्वेला. कोणी बांधत असाल तर आधी चार संध्याकाळी उदबत्ती लावून वारा कुठून येतो ते बघा.

पावसाळ्यात ताडपत्री घातली होती तरी ओल आत गेलीच. ऑगस्टमध्ये एक उघडीप मिळाली, उत्साहात जाळ लावला, दीड तासाने तळ जेमतेम १८० आणि बाहेरच्या प्लास्टरमधून वाफा, ओल्या मातीचा वास. जानेवारीतला तो टक् आवाज आठवला आणि मी सरळ सांगितलं, आज पिझ्झा नाही. यावेळी बोलले. सगळे नाराज झाले, पोरांनी मावशींकडे जाऊन भजी खाल्ली. दोन दिवस छोटे जाळ केले, मग तिसऱ्या दिवशी भट्टी नीट तापली.

धुराबद्दल एक मनापासून सांगते. मुंबईत लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर जावं असं मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं. ज्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची भट्टी आहे त्यांच्यासाठी ते सोपं नाही हे कळतं, पण धूर ज्याच्या घरात शिरतो त्याच्या बाजूनेही बघावं लागतं. आमची भट्टी महिन्यातून दोनदा पेटते, आजूबाजूला घरं लांब आहेत. धायरीत सोसायटीच्या गच्चीवर मी हे केलं नसतं. आणि ओल्या लाकडाचे ते दोन महिने आठवले की मला अजून वाईट वाटतं, मावशींच्या हॉटेलात जेवणाऱ्या लोकांकडे तो सगळा धूर जात होता आणि त्या एका शब्दाने तक्रार न करता आल्या होत्या, लाकडं वाजवून बघायला.

जाळ संपवतानाही घाई नाही. पाणी ओतायचं नाही, कधीच नाही. इंगळ मध्यभागी पसरायचे, त्यात भरताची वांगी आणि रताळी सारायची. परवा मावशी मोठ्ठं जळगावी वांगं घेऊन आल्या होत्या, ते त्यांनी हातानेच फिरवलं, मी चिमटा शोधेपर्यंत. सगळं निघाल्यावर लोखंडी झाकण तोंडाला घट्ट लावायचं. सोमवारी सकाळी सात वाजता झाकण काढलं तर तळ अजून २०५ होता. त्यावर दोन पाव भाजले, मग दुपारी गन ९० दाखवायला लागली तेव्हा पुढच्या वेळची लाकडं आत रचून ठेवली, वाळायला. हे त्याआधी करू नका, दोनशेच्या भट्टीत लाकूड कोंडून ठेवलं तर ते आतल्या आत पेटू शकतं.

राख पत्र्याच्या झाकणाच्या बादलीत दोन दिवस तशीच ठेवली, कारण वरून गार दिसली तरी आत एखादा इंगळ जिता असतो. अर्धी गुलाबांना घातली आणि अर्धी मावशी भांडी घासायला घेऊन गेल्या, बादलीसकट. बादली आणायला शनिवारी जायचंय.